ओएस बदलल्यावर टेबल रिस्टोर रेंगाळतो तेव्हा

सेंटओएस ७ या लिनक्स ओएसची (ऑपरेटिंग सिस्टिमची) मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्या सुमारास आणि त्यानंतर पोस्टग्रेस या डेटाबेसचे कितीतरी सर्व्हर रॉकी, अल्मा किंवा रेड हॅट ९ वर गेले, आणि ही हलवाहलव अजून संपलेली नाही. तक्रार जवळपास ठरलेली असते. डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) तोच, मशीन तेच किंवा त्याहून दणकट, पण जे टेबल जुन्या मशीनवर अर्ध्या तासात भरायचं ते आता दोन-अडीच तास खातं. मग सगळा राग नव्या ओएसवर निघतो.

नवी ओएस स्वतःच चार-पाच पट मंद असणं फार क्वचित घडतं. ती बदलताना डेटाबेसच्या खालच्या आणि आजूबाजूच्या काही गोष्टी कोणी न सांगता बदललेल्या असतात: लिहिलेलं खरोखर डिस्कवर कधी पोचतं, मजकुराचा क्रम कोणत्या नियमाने लागतो, आणि कॉन्फिगची फाइल कोणती आहे. यातलं नेमकं काय बदललं हे मोजून कळतं. सिस्कटलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) वीस ओळी कुठूनतरी आणून डकवल्याने कळत नाही.

आधी तुकडे पाडा

रिस्टोर, म्हणजे डम्पमधून डेटा परत भरणं, ही तीन वेगळी कामं असतात आणि तिन्हींचा भार वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. पीजी_रिस्टोरला --सेक्शन हा पर्याय आहे. त्याला प्री-डेटा (टेबलांचा सांगाडा), डेटा (ओळी) आणि पोस्ट-डेटा (इंडेक्स आणि बंधनं) अशा तीन किमती देऊन तीन वेळा चालवा, प्रत्येकाच्या आधी टाइम लावा. जुनं मशीन अजून चालू असेल तर तिथेही हेच करा. आकडे शेजारीशेजारी ठेवले की शोध निम्म्यावर येतो. डेटाचा टप्पा फुगला असेल तर डिस्क, फ्लश (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवणं) आणि चेकपॉइंट (साचलेली पानं मधूनमधून डिस्कवर लिहिणं) यांच्याकडे बघायचं. पोस्ट-डेटा फुगला असेल तर इंडेक्स, म्हणजे मेमरी, सीपीयू आणि कोलेशन (मजकुराचा क्रम लावायचा नियम).

त्याही आधी एक चाचणी फुकटात होते. पीजी_रिस्टोर -एफ /डेव्ह/नल आणि पुढे डम्पच्या फाइलचं नाव. यात डेटाबेसला हात लागत नाही, फक्त डम्प वाचून, उलगडून फेकून दिला जातो. यालाच तासभर लागत असेल तर पोस्टग्रेस निर्दोष आहे. डम्प नेटवर्कवरच्या माउंटवर पडलाय, किंवा डिस्कचं रीड-अहेड (पुढचं आधीच वाचून ठेवणं) कमी झालंय. ब्लॉकडेव्ह --गेटआरए हा आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये देतो. नेहमीचा २५६ म्हणजे १२८ केबी. ट्यून्ड या मशीनच्या सेटिंग जुळवणाऱ्या साधनाचं थ्रूपुट-परफॉर्मन्स प्रोफाइल तो ४०९६ केबीपर्यंत नेतं. जुन्या मशीनवर ते प्रोफाइल चालू होतं आणि नव्यावर नाही, असं असू शकतं. ट्यून्ड-एडीएम ॲक्टिव्ह दोन्हीकडे चालवून बघा.

एकच टेबल डम्पमधून काढणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. डम्प घेताना तो पाइपमधून पुढे ढकलला असेल तर कस्टम फॉरमॅटच्या अनुक्रमणिकेत प्रत्येक टेबलचा डेटा फाइलमध्ये कुठे आहे याची नोंद बसत नाही. मग शेवटचं टेबल काढायला आधीची सगळी फाइल चाळावी लागते. तीच फाइल -एफ देऊन थेट डिस्कवर लिहिली असती तर उडी मारून तिथे जाता आलं असतं. शिवाय पीजी_रिस्टोरचा -टी पर्याय टेबलसोबत त्याचे इंडेक्स आणत नाही. पीजी_डम्पचा -टी आणतो, म्हणून गोंधळ होतो. खात्रीचा रस्ता म्हणजे -एल ने यादी काढायची, त्या टेबलच्या टेबल, टेबल डेटा, कन्स्ट्रेंट, इंडेक्स अशा ओळी तेवढ्या ठेवायच्या आणि ती यादी मोठ्या एलने परत द्यायची.

डेटाचा टप्पा फुगलाय

रिस्टोर चालू असताना दुसऱ्या खिडकीत आयओस्टॅट -एक्स १ (डिस्कचा भार) आणि व्हीएमस्टॅट १ (मेमरी आणि सीपीयूचा भार) लावा, आणि पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमधला वेट_इव्हेंट, म्हणजे पोस्टग्रेस कशासाठी थांबलाय ते, बघा. आवृत्ती १४ पासून पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_कॉपीमध्ये किती बाइट गेले तेही दिसतं. वेट_इव्हेंट सतत वॉलसिंक दाखवत असेल तर फ्लश महाग झालाय. (वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती पोस्टग्रेसची नोंदवही.)

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. डेटाबेस एफसिंक म्हणतो तेव्हा त्याला वचन हवं असतं की आता वीज गेली तरी हे लिहिलेलं राहील. कर्नलने आपल्या मेमरीतली पानं डिस्ककडे दिली, एवढ्याने ते वचन पुरं होत नाही. डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधूनही डेटा खाली उतरायला हवा, आणि त्यासाठी फाइल सिस्टिमने डिस्कला तशी आज्ञा द्यावी लागते. लिनक्समध्ये ईएक्सटी३ ही आज्ञा मुळात देतच नसे. तिथे त्यासाठीचा पर्याय, बॅरियर, मुद्दाम चालू करावा लागे. ईएक्सटी४ मध्ये तो सुरुवातीपासून चालू आहे. एक्सएफएसमध्येही चालू असतो, पण लोक एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कशी माउंट करायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) नोबॅरियर लिहून बंद करत. कर्नल ४.१० पासून एक्सएफएसने त्या शब्दाकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली आणि ४.१९ मध्ये तो पर्यायच काढून टाकला. सेंटओएस ७ चा कर्नल ३.१० आहे, तिथे नोबॅरियर चालायचा. रेड हॅट ९ चा ५.१४ आहे. तिथे जुनी एफएसटॅबची ओळ उचलून आणली तर माउंटच होत नाही, म्हणून कोणीतरी तो शब्द खोडतो आणि पुढे जातो. त्या क्षणी तुमचा एफसिंक पहिल्यांदा खरा झालेला असतो.

हे ओळखायला पोस्टग्रेससोबतच पीजी_टेस्ट_एफसिंक हे साधन येतं. ते वॉलच्याच डिस्कवर चालवा, -एफ देऊन चाचणीची फाइल तिथे ठेवा, नाहीतर भलत्याच डिस्कचा आकडा मिळेल. आता हिशेब: ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरी ८.३३ मिलिसेकंदात पूर्ण करते, म्हणजे सेकंदाला १२०. अशा साध्या डिस्कवर, मध्ये बॅटरीवाला रेड कंट्रोलर नसताना, जुनं मशीन सेकंदाला पाच हजार एफसिंक दाखवत असेल तर ते खोटं बोलतंय. नवं मशीन शंभरच्या आसपास दाखवत असेल तर ते खरं बोलतंय.

विंडोजवरून लिनक्सवर आलेल्यांचंही हेच होतं. विंडोजवर वॉल_सिंक_मेथड मुळात ओपन_डेटासिंक असते, आणि डिस्कच्या गुणधर्मांत राइट कॅशिंगची खूण चालू असेल तर ती डिस्कच्या कॅशपर्यंतच थांबते. लिनक्सवर मुळातली पद्धत एफडेटासिंक, ती खालपर्यंत जाते. दोन मशीनमधली ही तुलना समान नसते.

बॅटरीवाला कंट्रोलर असेल तर वेगळी शंका घ्या. बॅटरी मेली किंवा रीलर्निंगमध्ये असली की कंट्रोलर स्वतःहून राइट-बॅकवरून (कॅशमध्ये घेऊन लगेच होकार) राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहिल्यावरच होकार) जातो. ओएस बसवताना मशीन बराच वेळ बंद राहिलं असेल तर हे हमखास तपासावं. कंट्रोलर बनवणाऱ्याच्या कमांडने कॅशची स्थिती बघा. व्हर्च्युअल मशीन असेल तर नव्या ओएससाठी डिस्क कोणत्या कंट्रोलरला जोडली तेही बघा. व्हर्टआयओ किंवा पीव्हीस्कझीऐवजी आयडीई किंवा सॅटाचं अनुकरण निवडलं गेलं असेल तर बाकी काहीही सुधारून उपयोग नाही.

फ्लश महाग झाला की त्याचा दणका किती बसतो हे डम्पच्या प्रकारावर ठरतं. --इन्सर्ट्स देऊन घेतलेला डम्प पीएसक्यूएलने भरताना प्रत्येक ओळ स्वतंत्र ट्रान्झॅक्शन असते. १० लाख ओळी गुणिले ८.३३ मिलिसेकंद म्हणजे २ तास १९ मिनिटं, नुसती वाट बघण्यात. फ्लश ०.१ मिलिसेकंदात उरकत असेल तर हेच काम १०० सेकंदांचं. उपाय सरळ आहे. पीएसक्यूएलला -१ द्या म्हणजे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये जाईल, किंवा त्या सेशनपुरतं सिंक्रोनस_कमिट बंद करा. हे बंद केल्याने डेटा खराब होत नाही. मशीन मध्येच पडलं तर शेवटची काही ट्रान्झॅक्शन जातील इतकंच, आणि रिस्टोर तर पुन्हा चालवताच येतो.

एफसिंक = ऑफ मात्र यापेक्षा पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. त्यात वीज गेली तर अख्खा क्लस्टर (त्या सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) टाकून द्यावा लागू शकतो. अगदी नवा, रिकामा, त्यात दुसरं काहीच नसलेला क्लस्टर असेल तरच ते मान्य. परत चालू करताना आधी सर्व्हर थांबवून इनिटडीबी --सिंक-ओन्ली चालवा, म्हणजे कर्नलमध्ये अडकलेली पानं डिस्कवर उतरतील. चालत्या डेटाबेसमध्ये एक टेबल परत आणण्यासाठी एफसिंक बंद करू नये. याला अपवाद नाही.

वॉलसिंक फारसा दिसत नाही, पण वेग ठरावीक अंतराने कोसळतो आणि परत वर येतो, असं असेल तर चेकपॉइंट. आणि इथे कॉन्फिगची गंमत येते. सेंटओएस ७ सोबत पोस्टग्रेस ९.२ यायचा, रेड हॅट ९ सोबत मुळात १३ येतो. ओएस बदलणाऱ्याने जुनी पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ जशीच्या तशी आणली तर सर्व्हर उठत नाही, कारण चेकपॉइंट_सेगमेंट्स हा पर्याय ९.५ मध्ये काढला गेला. वैतागून नवी कोरी फाइल ठेवली जाते, आणि कित्येक वर्षांत हळूहळू जुळवलेले आकडे एका झटक्यात जातात. जुन्या आकड्याचं रूपांतर सोपं आहे: चेकपॉइंट_सेगमेंट्सची तिप्पट गुणिले १६ एमबी. म्हणजे ६४ असेल तर मॅक्स_वॉल_साइझ ३ जीबी.

कोऱ्या फाइलमध्ये मॅक्स_वॉल_साइझ १ जीबी असते. चेकपॉइंट मात्र ती पूर्ण भरायच्या बऱ्याच आधी सुटतो. चेकपॉइंट_कम्प्लीशन_टार्गेट ०.९ असेल तर साधारण अर्ध्या जीबीला एक. ६० जीबीचं टेबल कॉपी होताना शंभरावर चेकपॉइंट होतात. लॉगमध्ये चेकपॉइंट फार लवकर लवकर होत असल्याची सूचना येते, ती वाचा. लॉग_चेकपॉइंट्स आवृत्ती १५ पासून मुळात चालू आहे, त्याआधीच्या आवृत्तीत चालू करून घ्या. रिस्टोरपुरती मॅक्स_वॉल_साइझ ३० ते ५० जीबी आणि चेकपॉइंट_टाइमआउट ३० मिनिटं ठेवा. अर्थात वॉलच्या डिस्कवर तेवढी जागा आहे ना ते आधी बघून.

आवृत्तीबरोबर आणखी एक आकडा बदलतो. वॉल_लेव्हल, म्हणजे वॉलमध्ये किती तपशील लिहायचा ते, आवृत्ती १० च्या आधी मुळात मिनिमल असे, १० पासून रेप्लिका आहे. मिनिमलमध्ये, टेबल ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये बनलं किंवा ट्रंकेट (रिकामं) झालं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये कॉपी केली तर तो डेटा वॉलमध्ये लिहिलाच जात नाही. पीजी_रिस्टोर -जे ने (एकाच वेळी अनेक कामगार लावून) चालवला तर तो हे स्वतःच जुळवून आणतो: त्याच फेरीत बनवलेलं टेबल आधी ट्रंकेट करून मग भरतो. म्हणजे ९.२ वर मिळणारी ही सवलत १३ वर आल्यावर गेली, आणि ओएसचा काही संबंध नसताना लिखाण जवळपास दुप्पट झालं. रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची चालती प्रत) नसलेल्या नव्या क्लस्टरवर रिस्टोरपुरतं वॉल_लेव्हल मिनिमल आणि मॅक्स_वॉल_सेंडर्स ० करून रीस्टार्ट केलं की ती परत मिळते.

आधीपासून असलेल्या टेबलात -ए ने नुसता डेटा भरत असाल तर वरचं बरंचसं लागू होत नाही. तिथे इंडेक्स जागेवर असतात, प्रत्येक ओळीमागे त्या सगळ्यांत नोंद होते, आणि प्रत्येक चेकपॉइंटनंतर इंडेक्सच्या पानाला पहिला हात लागला की अख्खं ८ केबीचं पान वॉलमध्ये जातं. इंडेक्स काढा, डेटा भरा, इंडेक्स परत बांधा. मोठ्या टेबलाला दुसरा शहाणा मार्ग नाही.

मेमरी भरपूर असलेल्या मशीनवर कर्नलचे आकडेही बघावेत. व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो १० आणि व्हीएम.डर्टी_रेशो २० हे टक्के आहेत. २५६ जीबीच्या मशीनवर दहा टक्के म्हणजे जवळपास २५ जीबी न लिहिलेली पानं साचेपर्यंत कर्नल स्वस्थ बसू शकतो, आणि मग चेकपॉइंटच्या एफसिंकला सगळं एकदम उपसावं लागतं. टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा द्या: डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स २५६ एमबी म्हणजे २६८४३५४५६, आणि डर्टी_बाइट्स १ जीबी. ट्यून्डचं प्रोफाइल बदललं की हे आकडेही बदलतात, म्हणून दोन्ही मशीनवर सिस्कटल -ए काढून डिफ करणं सगळ्यात उत्तम.

फाइल सिस्टिम बीटीआरएफएस असेल (सुसे घराण्यात मूळ विभागासाठी तीच मुळात निवडलेली असते) तर डेटाबेसची डिरेक्टरी रिकामी असतानाच तिच्यावर चॅटर +सी लावा, म्हणजे तिथे कॉपी-ऑन-राइट (प्रत्येक बदल नव्या जागी लिहिणं) बंद होईल. आधी लिहिलेल्या फाइलींवर तो लागू पडत नाही. लिनक्सवरून विंडोजवर गेला असाल तर डेटा डिरेक्टरी आणि पोस्टग्रेसची प्रोसेस अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

पोस्ट-डेटा फुगलाय

आधी मेंटेनन्स_वर्क_मेम. कोऱ्या फाइलमध्ये ६४ एमबी असतो. मोठ्या इंडेक्ससाठी १ ते २ जीबी द्या, पण -जे ४ असेल तर चार कामगार प्रत्येकी तेवढं मागू शकतात हे लक्षात ठेवून. फॉरेन की तपासतानाही पोस्टग्रेस हाच आकडा वापरतो, त्यामुळे फायदा दोन्हीकडे होतो. एकाच टेबलचा डेटा -जे ने विभागला जात नाही, पण त्याच टेबलचे वेगवेगळे इंडेक्स एकाच वेळी बांधले जातात.

मेमरी देऊनही मजकुराचेच इंडेक्स रेंगाळत असतील, एक कोर शंभर टक्के आणि आयओस्टॅट शांत असेल, तर परफ टॉप (कोणतं फंक्शन सीपीयू खातंय ते दाखवणारं) लावा. वरच्या ओळींत स्ट्रकॉल_एल दिसलं की प्रकरण कोलेशनचं आहे. नवा क्लस्टर बनवणारा इनिटडीबी लोकेल (भाषेची सेटिंग) घेतो तो शेलच्या वातावरणातून. जुन्या मशीनवर तो सी होता आणि नव्यावर लॅंगमध्ये ईएन_यूएस.यूटीएफ-८ असेल, तर प्रत्येक तुलना आता जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) नियमांतून जाते. सीमध्ये ती सरळ बाइटची तुलना असते, शिवाय संक्षिप्त कीची युक्ती (अख्ख्या मजकुराऐवजी त्याच्या छोट्या रूपाची तुलना) तिथे चालते, जीलिबसीच्या नियमांत चालत नाही. मोठी सी देऊन डेटाबेस बनवला तर डम्पमधलं कोलेशन सोबत येतं, पण हाताने क्रिएटडीबी केला तर टेम्प्लेट१ चं येतं. दोन्ही सर्व्हरवर पीएसक्यूएलमध्ये \एल करून रकाना ताडून बघा.

मराठी नावांच्या टेबलात याचा परिणाम वेगापलीकडे जातो. यूनिकोडमध्ये ळ लगेच ल च्या मागे बसलाय, व आणि श च्या आधी. म्हणून सी कोलेशनमध्ये 'काळे' हे 'काशीकर'च्या आधी येतं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, म्हणून यादीत 'काशीकर' आधी हवं. शोधासाठी आणि जोडणीसाठी सी ठेवावा, आणि छापायच्या यादीपुरतं त्या क्वेरीत किंवा त्या एका स्तंभावर मराठीचं कोलेशन, म्हणजे एमआर-एक्स-आयसीयू, लावावं. बाकीच्या इंडेक्सचं ओझं वाचतं. ते कोलेशन लावल्यावर मात्र आपल्याच नावांवर क्रम एकदा तपासून घ्या.

सीपीयूचा वेग राहिला. एका टेबलची कॉपी एकाच कोरवर चालते, त्यामुळे तिथे गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारं कर्नलचं धोरण) जाणवतो. सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फोमध्ये पॉवरसेव्ह दिसला तर ड्रायव्हरचं नावही वाचा. इंटेल_पीस्टेटचा पॉवरसेव्ह गरजेप्रमाणे वेग वाढवतो, पण एसीपीआय-सीपीयूफ्रेकचा पॉवरसेव्ह सगळ्यात खालच्या वेगावर अडकून राहतो. व्हीएमस्टॅटमध्ये सिस्टिमचा वेळ फुगलेला असेल आणि परफमध्ये कॉम्पॅक्शनची फंक्शन दिसत असतील तर ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं) ऑलवेजवरून एमॲडव्हाइजवर आणा. रेड हॅट घराण्यात ते मुळात ऑलवेज असतं, उबुंटूत एमॲडव्हाइज.

रिस्टोरला वैतागून काही जण डेटा डिरेक्टरीच आरसिंकने नव्या ओएसवर उचलून नेतात किंवा स्ट्रीमिंग रेप्लिका बनवून ती पुढे करतात. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती तीच असेल तर सर्व्हर उठतो, आणि म्हणूनच हे धोक्याचं. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे, रेड हॅट ८ मध्ये २.२८, ९ मध्ये २.३४. २.२८ मध्ये मजकुराचा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. जुन्या क्रमाने बांधलेला इंडेक्स नव्या क्रमाने शोधला की असलेल्या ओळी सापडत नाहीत, आणि यूनिक इंडेक्स असूनही दुहेरी नोंदी शिरतात. कुठेही एरर येत नाही. हा रस्ता घेतलाच असेल तर सी आणि पॉसिक्स सोडून बाकी कोलेशनचे सगळे मजकुराचे इंडेक्स रीइंडेक्स करा, आणि ॲमचेक एक्स्टेन्शनमधल्या बीटी_इंडेक्स_चेकने तपासा. डम्प आणि रिस्टोरमध्ये इंडेक्स नव्याने बांधले जातात, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

रिस्टोर संपल्यावर तात्पुरते बदललेले आकडे परत ठेवताना क्रम पाळा. आधी व्हॅक्यूम ॲनालाइझ, म्हणजे पहिल्याच क्वेरी आंधळ्या प्लॅनवर चालणार नाहीत. मग वॉल_लेव्हल रेप्लिका आणि मॅक्स_वॉल_सेंडर्स पूर्ववत करून रीस्टार्ट. शेवटी नवा बेस बॅकअप, कारण मिनिमलच्या काळात भरलेला डेटा वॉलमध्ये नाही आणि त्याआधीच्या बॅकअपवरून या क्षणापर्यंत येता येत नाही. तो बॅकअप पूर्ण झाल्यावरच ॲप्लिकेशनला आत सोडा.